खलात घोटलेली काजळी

धाराशिवच्या ज्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते, तिथंच मी पीएच.डी.चं कामही केलं. सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिकं आणि चारनंतर संशोधन. लॅबच्या मागच्या खोलीत एक भट्टी, एक ओव्हन आणि काचेच्या दाराचा तराजू एवढंच सामान होतं. त्या खोलीत मी साडेचार वर्षं पेट्रोल गाड्यांच्या काजळीवर काढली.

लोक हसायचे. काजळी डिझेलची, ट्रॅक्टरची. पेट्रोलच्या गाडीला कुठं काजळी असते? असते. नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. त्यानं इंधन वाचतं, पण सगळं पेट्रोल हवेत नीट मिसळायला सवड मिळत नाही आणि डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक काजळी तयार होते. ती बाहेर पडू नये म्हणून धूर जायच्या नळीत मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी एक गाळणी बसवतात. काजळी तिच्यात अडकते, साठत जाते आणि वेळच्या वेळी जाळून टाकली नाही तर गाळणी तुंबते. गाडी इथून पुण्यापर्यंत पळाली तर धूर एवढा तापतो की काजळी आपोआप जळते. पण घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढीच फिरणारी गाडी तेवढी तापत नाही. त्यात पेट्रोलच्या धुरात प्राणवायू जवळजवळ शिल्लकच नसतो. म्हणून गाळणीला आतून अशी पूड लावायची, जी स्वतःजवळचा प्राणवायू काजळीला देईल आणि कमी तापमानातच तिला जाळेल. ही पूड म्हणजे उत्प्रेरक. माझी पूड सेरियमची होती. नुसती असती तर फिकट पिवळी. मी तिच्यात दुसऱ्या एका धातूचा थोडा अंश घालायची, त्यामुळं ती भट्टीतून विटकरी होऊन निघायची.

पूड चांगली की वाईट हे ठरवायची रीत अशी: थोडी पूड आणि थोडी काजळी एकत्र करायची, मिश्रण तापवत न्यायचं आणि काजळी कितीला जळते ते बघायचं. जेवढ्या कमी तापमानाला जळेल, तेवढी पूड चांगली. यात एक मेख आहे. दोन्ही खलात घालून घोटले तर काजळीचा प्रत्येक कण पुडीला घट्ट चिकटतो आणि तापमान साधारण शंभर अंशांनी खाली येतं. पण गाडीत कुणी बत्ता घेऊन बसलेलं नसतं. तिथं काजळी धुरातून येते आणि पुडीवर नुसती टेकते. म्हणून खरी परीक्षा घ्यायची तर दोन्ही चपट्या चमच्यानं हलक्या हातानं मिसळायचं आणि निकाल छापताना पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, तसं लिहायचं. हे या विषयातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

वजन मोजत मोजत तापवणारं यंत्र आमच्याकडं नव्हतं. सोलापूरला एका प्रयोगशाळेत होतं आणि पंधरा दिवसांतून एकदा आम्हाला तिथली वेळ मिळायची. छोट्या बाटल्यांत मिश्रणं भरून मी सकाळच्या एसटीनं निघायची.

आमच्या लॅबला एक अटेंडंट होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. सोनारीकडचे होते. शिक्षण आठवीपर्यंत, पण कुठल्या बाटलीत काय आहे हे लेबल न बघता वासावरून सांगायचे. माझ्या कामाचं त्यांना फार कौतुक. बाई माणूस घरचं करून एवढ्या उशिरापर्यंत थांबते, म्हणून ते स्वतःही थांबायचे.

एकदा असं झालं की सोलापूरची वेळ होती दुसऱ्या दिवशीची आणि आदल्या दिवशी मला अचानक परीक्षेच्या सुपरव्हिजनला बसवलं. पूड आणि काजळी मी तोलून कागदावर ठेवली होती. मिसळायला वेळ मिळाला नाही. जाता जाता मी म्हणाले, "मामा, हे दोन्ही एकत्र करून बाटलीत भरून ठेवा. नंबर टाकलाय."

"ठिवतो म्याडम. तुमी जावा."

चमच्यानं, हलक्या हातानं, असं मी बोलले नाही. घाईत होते.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला यंत्रावर आलेख उमटायला लागला आणि यंत्र चालवणारा तरुण खुर्चीतून उठून जवळ आला. काजळी आधीच्या सगळ्या नमुन्यांपेक्षा कितीतरी लवकर जळाली होती. संध्याकाळी मी आमच्या सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, कागद दाखवला. सर सहसा कौतुक करत नसत. त्यांनी तो कागद दोनदा बघितला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, याच्यावर तुमचा प्रबंध उभा राहील." मला त्या रात्री झोप लागली नाही, एवढा आनंद झाला होता.

नमुना पुन्हा तपासायला हवा होता. पण यंत्र महिनाभर बंद पडलं आणि सरांना पेपर पाठवायची घाई होती. मी पेपर लिहिला. त्यात एक वाक्य होतं: पूड आणि काजळी चमच्यानं हलकेच मिसळली. ते वाक्य लिहिताना मी खोटं लिहीत नव्हते. मला तसंच वाटत होतं.

पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं त्यानंतर आठवड्याभरानं मी मामांना मोरीवर खल घासताना बघितलं. खल आतून काळा झाला होता.

"मामा, खलात काय केलं?"

"तुमचंच की म्याडम. काल ठिवून गेलता ती काजळी. चांगली घोटली. मागं सोलापूरला नेली तवाबी असंच अर्धा घंटा घोटून दिलं हुतं. येकजीव झालं पायजे ना?" ते हसले. "लई मस्त निकाल आला म्हनले सर."

मामांना तरी काय बोलणार? ते त्यांच्या परीनं माझं काम नीटच करत होते.

पुढच्या फेरीला मी तीच पूड स्वतः चमच्यानं मिसळून नेली. काजळी जळाली, पण इतरांच्या पुडीत जळते तशीच, चारचौघांसारखी. मी आलेखाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि परतीच्या एसटीत खिडकीशी बसून सरांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत राहिले. तामलवाडी गेली, तुळजापूर गेलं. धाराशिवच्या स्टँडवर उतरेपर्यंत मी ठरवलं होतं की सांगायचं नाही.

कारणं होती. पेपर आता छापून येणार होता. प्रबंधाची तारीख जवळ होती. माझं प्रमोशन त्या पदवीवर अडलं होतं. आणि आपल्या एवढ्याशा पेपरवर जगातला कुठला कारखानदार गाळणी बनवणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. एका वाक्यात एक शब्द बदलला असता तरी पुरे होतं: हलकेच मिसळली याच्या जागी घोटून मिसळली. तेवढ्यानं पेपर साधा झाला असता, एवढंच. मी तो शब्द बदलला नाही. डॉक्टरेट मिळाली. कॉलेजनं शाल आणि नारळ दिला. मामांनी हार आणला होता.

दोन वर्षांनी सरांकडं एक नवी विद्यार्थिनी आली. तामलवाडीची सून होती. एम.एस्सी. झाल्यावर लग्न झालं होतं आणि सासरच्यांनी पुढं शिकायला मोकळीक दिली होती. रोज दोन एसटी बदलून ती साडेनऊला दारात हजर असायची. सरांनी तिला विषय दिला तो माझ्या पुडीच्या पुढचा. ती पूड गाळणीच्या तुकड्यावर लेपायची आणि माझ्या पेपरातलं तापमान प्रत्यक्ष गाळणीवर आणून दाखवायचं.

पहिल्या दिवशी ती माझ्याकडं आली तेव्हा हातात माझ्या पेपरची झेरॉक्स होती. वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघा मारलेल्या.

"मॅडम, तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं तर बरं होईल," ती म्हणाली. "पूड अगदी तुमच्यासारखी जमली पाहिजे."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नवं कोरं काम, एक दिवसही वाया गेला नव्हता. मी तिला पूड करायला शिकवली. अमोनिया थेंबाथेंबानं कसा सोडायचा, तळाशी बसलेला साका किती वेळा धुवायचा, भट्टी किती सावकाश चढवायची. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिची पूड माझ्याहून बारीक आणि एकसारखी निघायची. आणि तिचं तापमान काही केल्या माझ्या आकड्यापर्यंत उतरायचं नाही.

ती पूड पुन्हा करायची. पाणी बदलून बघितलं, अमोनियाची नवी बाटली उघडली, भट्टीतला तापमापक बदलून आणला. ती आता सोलापूरला माझ्याऐवजी स्वतः जायची. गाव वाटेवरच असल्यानं तिथूनच एसटीत चढायची. दुसऱ्या दिवशी आली की तिच्या चेहऱ्यावरूनच मला निकाल कळायचा.

"मॅडम, माझं काय चुकत असेल?"

"धुताना कमी पडत असेल," मी म्हणायची. "परत एकदा कर."

हे मी किती वेळा म्हणाले, ते मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी ती मान हलवून कामाला लागायची.

एका दुपारी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ती आत भट्टीपाशी होती. मामा आवाज खाली करून म्हणाले, "म्याडम, त्या लेकीचं जमंना व्हय? रोज तोंड उतरलेलं असतंय. तुमचं जसं घोटून दिलं हुतं, तसं तिचंबी देऊ का? ती चमच्यानंच ढवळत बसती."

"नको मामा," मी म्हणाले. "तिला तिच्या पद्धतीनं करू द्या."

मामांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. त्यांना काही समजलं असेल असं मला वाटत नाही. "बरं," म्हणाले आणि गेले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

तिसऱ्या वर्षी सरांचा धीर सुटला. सर्वांसमोर ते तिला म्हणाले, "याच खोलीत, याच भट्टीवर, यांनी करून दाखवलंय. तुमच्या हाताला स्वच्छता नाही, दुसरं काय?" त्यांनी बोट माझ्याकडं केलं होतं. ती माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी टेबलावरची हजेरीपत्रकं सारखी करत राहिले.

त्यानंतर ती फार दिवस आली नाही. एका सोमवारी सकाळी आली आणि कपाटाची किल्ली माझ्यापुढं ठेवली. "मी थांबवते, मॅडम. घरच्यांना तरी किती दिवस सांगायचं, आज जमेल, उद्या जमेल." डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. वाकून पाया पडली. "वह्या कपाटात आहेत. नंतरच्या कुणाला उपयोगी पडल्या तर बघा."

वह्या दीड वर्ष कपाटातच राहिल्या. लॅबला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामं करताना त्या माझ्या हाती आल्या. पाच वह्या, अक्षर सुरेख. मी चाळत बसले. तिसऱ्या वहीत एका पानावर थांबले. तिनं लिहिलं होतं: आज खलात घोटून पाहिलं. तापमान मॅडमच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. पण मॅडमनी चमच्यानं मिसळलं होतं. म्हणजे माझी पूडच कमी पडते. धुण्याकडं परत लक्ष द्यावं.

खाली तारीख. पुढच्या पानावर पूड पुन्हा धुतल्याची नोंद.

ती उत्तरापाशी पोचली होती. आकडा जुळलेला तिच्या डोळ्यांसमोर होता. तो आकडा आणि माझं एक वाक्य या दोहोंतलं काहीतरी खोटं ठरवायचं होतं, तेव्हा तिनं स्वतःच्या हातांना खोटं ठरवलं. रंगारी बाहेर शिडी सरकवत होते. मी वही मिटून तशीच बसून राहिले.

पुढच्या रविवारी मी तामलवाडीला गेले. तिनं रस्त्याकडेच्या एका गाळ्यात माती तपासून द्यायचं काम सुरू केलं होतं. आत मातीच्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. दोन शेतकरी बाकावर बसले होते. मला बघून ती लगबगीनं उठली, खुर्ची पुसली, समोरच्या टपरीवर चहा सांगितला. शेतकऱ्यांची माती घेऊन त्यांना वाटेला लावेपर्यंत मी थांबले.

मग मी सांगितलं. परीक्षेच्या ड्यूटीपासून सगळं. मामांनी कसं घोटलं, मला कधी कळलं, मी काय केलं नाही. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात बोलले.

ती ऐकत होती. चहा आला, तिनं कप माझ्यापुढं सरकवला.

"मी आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"पहिल्या दिवशी?"

"हो."

ती बाहेर रस्त्याकडं बघायला लागली. सोलापूरकडं जाणारी एक एसटी निघून गेली.

"मी खलात करून बघितलं होतं, मॅडम. जुळलं होतं. एक मिनिटभर मनात आलं होतं." ती थांबली. "मग मलाच माझी लाज वाटली. म्हटलं, ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांच्यावर असा संशय? त्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला तोंड दाखवायला नको वाटत होतं मला."

मी माफ कर म्हणाले. तो शब्द त्या गाळ्यात फार बारीक वाटला.

"माफीचं काय," ती म्हणाली. "मला त्या तीन वर्षांत रोज वाटायचं की आपल्याला यातलं काही येत नाही. अजून वाटतं. मातीचा साधा रिपोर्ट देताना सुद्धा मी तीनदा तपासते. ते आता कसं जाईल?"

ती रागावली असती, ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं चहा पिऊन घ्या म्हणून सांगितलं, आणि गार झालेला तो चहा मी प्यायले.

परत आल्यावर मी सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन मुलाकडं राहायला गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता कशाला उकरता बाई? तुमचं नाव जाईल, माझंही जाईल." त्यांना वाईट वाटलं होतं हे आवाजावरून कळत होतं, पण कशाचं, ते मला नीट समजलं नाही. मी त्यांचं ऐकलं नाही. जर्नलला पत्र लिहिलं, दोन्ही आलेख जोडले. काही महिन्यांनी शुद्धिपत्र छापून आलं, चार ओळींचं. कॉलेजात प्राचार्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही प्रामाणिकपणा दाखवलात. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शुद्धिपत्र मी तिला मोबाइलवर पाठवलं. तिनं ते बघितल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. तिच्या रजिस्ट्रेशनची मुदत केव्हाच संपली होती. नव्यानं सुरुवात करायची असेल तर मी धावपळ करेन, असं मी लिहिलं. त्यावर दोन दिवसांनी तिचा निरोप आला: नको मॅडम, आता इथलं काम वाढलंय.

गेल्या वर्षी ती तुळजापूरच्या स्टँडवर दिसली. बरोबर सासूबाई होत्या, देवीच्या दर्शनाला आलेल्या. तिनं आमची ओळख करून दिली, "आत्या, ह्या माझ्या कॉलेजातल्या मॅडम."

सासूबाईंनी दोन्ही हात जोडले. "तुमीच व्हय त्या? लई नाव घ्यायची तुमचं. आमी न्हाय म्हनलो न्हाय बघा शिकायला. पर तिचंच डोकं चाललं न्हाय म्हनती. नशिबात नसंल, दुसरं काय?"

म्हणजे तिनं घरी अजून सांगितलंच नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. ती बस लागली का ते बघत होती.

"तिचं डोकं फार चांगलं आहे, मावशी," मी म्हणाले. "चूक माझी होती. माझ्या चुकीमुळं तिचं राहिलं."

सासूबाईंनी माझा हात धरला आणि मायेनं थोपटला. "आसं म्हनू नका म्याडम. तुमी मोठ्या मनाच्या, म्हनून आपल्यावर घेताव."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "चला आत्या, जागा मिळायची नाही." तिनं सासूबाईंची पिशवी घेतली, मला म्हणाली, "येते मॅडम," आणि दोघी गर्दीतून बसकडं गेल्या.